पूर ओसरल्यावर घर कोणाचे?

पुराचे पाणी ओसरते तेव्हा मागे चिखल राहतो आणि काही प्रश्नही राहतात. भिंती किती भिजल्या, नुकसान किती झाले, मदत कोणाला मिळाली, हे प्रश्न हिशेबाचे आहेत. ते आज ना उद्या सुटतात. एक प्रश्न मात्र हिशेबाने सुटत नाही. सरकारी वसाहतीतील एका घरात एखादे कुटुंब तीस-चाळीस वर्षे भाड्याने राहिले. मुले तेथे वाढली, म्हातारी माणसे तेथे वारली, शेजाऱ्यांशी भांडणे झाली आणि मिटलीही. घर त्यांच्या नावावर कधीच नव्हते. मग पूर आला. सरकार म्हणाले, ही जागा सखल आहे, इमारती जुन्या झाल्या आहेत, आम्ही येथे नवी आणि अधिक चांगली वस्ती उभारू. या बोलण्यात खोटे काहीच नसेल. तरीही ते कुटुंब विचारते, ‘त्या नव्या वस्तीत आम्ही असू का?’ या विचारण्याला विनंती म्हणायचे की हक्क म्हणायचा?

या प्रश्नाचा विचार आम्ही एका दूरच्या शहराच्या आधारे करणार आहोत. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्याजवळील न्यू ऑर्लिन्स हे ते शहर. ते निवडण्याचे एक कारण असे की, तेथे २००५ साली पूर आला आणि त्यानंतर घडलेल्या गोष्टींचा परिणाम आता पुरता डोळ्यांसमोर आहे. दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. त्या वादात दोन्ही बाजूंना कॅथलिक माणसे उभी होती आणि दोन्ही बाजू गरिबांच्या हिताचेच बोलत होत्या. दुष्ट आणि सज्जन यांच्यातील वादाचा निवाडा करणे फारसे कठीण नसते. सज्जनांमधील वाद मात्र आपल्याला थांबून विचार करायला लावतो.

प्रथम त्या भूमीविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. १७१८ साली फ्रेंच वसाहतकारांनी मिसिसिपी नदीच्या काठावरील उंचवट्यावर हे शहर वसवले. नदी दर पुराबरोबर गाळ आणून स्वतःचाच काठ उंच करीत जाते. काठापासून दूर जावे तसतशी जमीन उतरत जाते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन नावाचे विस्तीर्ण सरोवर आणि मध्ये दलदल, अशी तेथील मूळ रचना होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बॉल्डविन वुड या अभियंत्याने योजलेल्या प्रचंड पंपांनी ती दलदल उपसली गेली आणि तेथे रस्ते व घरे झाली. पण उपसलेल्या दलदलीची माती वाळते, आकसते आणि खचते. जमीन जितकी कोरडी करावी तितकी ती खाली जाते, आणि जितकी खाली जाते तितका बांध उंच करावा लागतो. आज त्या शहराचा जवळजवळ निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. सखल भागात श्रीमंतही राहत होते, हे खरे. पण त्यांच्याजवळ मोटार होती, विमा होता आणि दुसरीकडे जाण्याची सोय होती. एकच पाणी दोन घरांत शिरले, तरी दोन्ही घरांवरचा पूर सारखा नसतो.

या शहराच्या ट्रेमे नावाच्या जुन्या वस्तीत १९४१ साली ‘लफीट’ ही सरकारी वसाहत उभी राहिली. विटांच्या दोन-तीन मजली इमारती, मध्ये मोकळी अंगणे आणि एकूण ८९६ घरे. त्या काळी कायद्यानेच वर्णभेद होता. म्हणून लफीट कृष्णवर्णीयांसाठी आणि काही रस्ते पलीकडे त्याच सुमारास बांधलेली इबरव्हिल ही वसाहत गोऱ्यांसाठी, अशी वाटणी झाली. म्हणजे आपण कोठे राहावे हे लफीटच्या पहिल्या रहिवाशांनी ठरवले नव्हते. ते त्यांच्यासाठी ठरवले गेले होते. पुढे १९६० च्या दशकात शेजारच्या क्लेबर्न मार्गावरील ओक वृक्षांच्या रांगा तोडून तेथे उन्नत महामार्ग उभारण्यात आला. तोही कोणी त्यांना विचारून उभारला नाही. तरीही माणसांनी त्या जागेला आपलेसे केले. जवळच संत अगस्तीन यांच्या नावाचे चर्च आहे. १८४२ साली त्याचे अर्पण झाले तेव्हा स्वतंत्र कृष्णवर्णीय भाविकांनी पैसे भरून स्वतःसाठी बाके घेतली आणि गुलामगिरीत असलेल्या बांधवांसाठीही बाके घेतली. स्वतःच्या नावावर काही नसलेल्यासाठी प्रभूच्या मंदिरात जागा राखून ठेवण्याची ही रीत त्या वस्तीत फार जुनी आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आले. वादळ चालू असतानाच कालव्यांच्या भिंती कोसळल्या. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. लोक ह्यूस्टन, अटलांटा, डल्लास अशा शहरांत विखुरले. पाणी उपसल्यावर इतर नागरिक हळूहळू परतू लागले. सरकारी वसाहतींच्या रहिवाशांना मात्र आपल्या घरांची दारे आणि खिडक्या लोखंडी पत्र्यांनी बंद केलेल्या आढळल्या. जून २००६ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने जाहीर केले की, लफीटसह चार मोठ्या वसाहती पाडल्या जातील. सुमारे साडेचार हजार घरे त्यात होती.

या काळातील एक उद्गार आपण धर्मश्रद्ध माणसांनी विसरता कामा नये. लुइझियाना राज्यातील काँग्रेस-सदस्य रिचर्ड बेकर यांनी पुरानंतर काही दिवसांतच म्हटल्याचे वृत्तपत्रात आले की, सरकारी वसाहतींची जी साफसफाई आपल्याला जमली नाही ती देवाने करून दाखवली. आपले शब्द नेमके असे नव्हते, असा खुलासा त्यांनी पुढे केला. तो खुलासा मान्य करूनही त्या विचाराची दखल घ्यावीच लागते, कारण तो विचार एकट्या त्यांचा नव्हता आणि केवळ त्या देशातलाही नाही. संकटाला देवाची इच्छा म्हणणे आणि त्याच श्वासात आपली जुनी इच्छा पुरी करून घेणे, हा देवाच्या नावाचा व्यर्थ उच्चार आहे. पुढे जून २००६ मध्ये अमेरिकन लष्कराच्या अभियंता विभागाने स्वतःच मान्य केले की, आपण बांधलेली संरक्षण-व्यवस्था सदोष होती. भिंती माणसांनी बांधल्या होत्या आणि त्या माणसांच्या चुकांमुळे पडल्या. ज्याची जबाबदारी माणसाने उचलायची ती देवावर ढकलली की मागे राहिलेल्या गरिबाला तक्रार करायलाही जागा उरत नाही. देवाविरुद्ध तो दाद कोठे मागणार?

तथापि वसाहती पाडण्याच्या बाजूनेही काही खरे होते आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. हजारो गरीब कुटुंबे एकाच ठिकाणी कोंडल्यासारखी राहिल्याने दारिद्र्याचे डबके तयार होते, मुलांना दुसरे जग दिसत नाही, गुन्हेगारीला आश्रय मिळतो, असे अनेक जाणकारांचे मत होते. देखभाल नसल्याने काही वसाहतींची पुरापूर्वीच दुर्दशा झाली होती. शिवाय पाणी पुन्हा येणारच होते. माणसांना त्याच धोक्यात परत नेऊन बसवणे ही दया नव्हे, असे कोणी म्हटले तर त्याला हृदयशून्य म्हणता येणार नाही. जुन्या घरावरच्या प्रेमापोटी माणसाला सखल जागी सोडून देणे हे प्रेमाचे लक्षण नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही तितकेच सबळ होते. विटांच्या या इमारती मजबूत होत्या. त्यांची पाहणी केलेल्या वास्तुतज्ज्ञांना पायात वा भिंतींत गंभीर दोष आढळला नव्हता. शहरात घरांचा दुष्काळ पडला असताना दुरुस्त होण्याजोगी घरे पाडणे हे न समजण्यासारखे होते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पूर्वानुभव. त्याच शहरात ‘सेंट थॉमस’ नावाची सुमारे दीड हजार घरांची वसाहत पुरापूर्वीच पाडली गेली होती. १९८१ साली धर्मभगिनी हेलन प्रेजीन गरिबांमध्ये राहण्यासाठी गेल्या ती हीच वसाहत. फाशीच्या शिक्षेविरुद्धचे त्यांचे पुढचे जगप्रसिद्ध कार्य तेथूनच सुरू झाले. त्या वसाहतीच्या जागी नवी देखणी वस्ती आली, मोठे दुकान आले, पण जुन्या रहिवाशांपैकी फारच थोडे परत आले. एक घर पाडले तर त्याच्या बदल्यात एक घर बांधलेच पाहिजे, असा जो जुना नियम अमेरिकेत होता तोही १९९८ च्या कायद्याने रद्द झाला होता. अशा स्थितीत ‘आधी पाडू, मग बांधू’ या शब्दावर रहिवाशांनी विश्वास कसा ठेवावा?

२० डिसेंबर २००७ रोजी नगरपरिषदेने सातही मते एकमुखाने देऊन चारही वसाहती पाडण्यास मान्यता दिली. सभागृहात जागा अपुरी म्हणून अनेकांना दाराबाहेर अडवण्यात आले आणि बाहेर जमलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. ज्यांच्या घराचा निर्णय होता त्यांच्यापैकी कितीतरी जण त्या दिवशी शेकडो मैल दूर परक्या शहरांत होते. ठराव कायदेशीर होता. पण ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो तो अनुपस्थित असेल तर तो निर्णय न्याय्य ठरतो का, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही.

आता ज्या गोष्टीचा आम्ही आरंभी उल्लेख केला तिच्याकडे वळू. रहिवाशांच्या वतीने न्यायालयात लढणाऱ्या वकिलांपैकी एक, बिल क्विग्ली, हे येशूसंघीयांच्या लोयोला विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते. आणि लफीटची नवी उभारणी ज्यांनी अंगावर घेतली त्यांत होती ‘प्रॉव्हिडन्स कम्युनिटी हाउसिंग’ ही संस्था; पुरानंतर न्यू ऑर्लिन्स महाधर्मप्रांताशी संलग्न सेवासंस्थांनीच ती स्थापन केली होती. एकाचे म्हणणे, घरे उघडा आणि माणसांना आज परत येऊ द्या. दुसऱ्याचे म्हणणे, सरकार घरे पाडणारच आहे. मग ती जागा केवळ नफा पाहणाऱ्याच्या हाती जाऊ देण्यापेक्षा आपण पुढे होऊन प्रत्येक गरिबाचे घर वाचवावे. एक न्यायाच्या वाटेने गेला आणि दुसरा सेवेच्या. दोघांपैकी एकाला खोटा ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. न्यायाची मागणी करणारा नसता तर सेवा करणाऱ्यावर वचक राहिला नसता. आणि बांधणारा कोणीच नसता तर न्यायाचा विजयही मोकळ्या मैदानावर उभा राहिला असता.

प्रॉव्हिडन्सने आपल्या सहकारी संस्थेसह जे वचन दिले ते मोठे होते. जितकी अनुदानित घरे पाडली जातील तितकीच पुन्हा बांधायची, आणि त्याखेरीज मालकीची सहाशे घरे. त्याच जागेवर आणि आसपासच्या मोकळ्या भूखंडांवर मिळून सुमारे दीड हजार. विखुरलेल्या रहिवाशांशी बोलून आराखडे तयार करण्यात आले. एकसुरी लांबलचक इमारतींऐवजी जुन्या न्यू ऑर्लिन्सच्या धाटणीची घरे आली: जोत्यावर उचललेली, पुढे ओसरी असलेली, रस्त्याकडे तोंड केलेली. वसाहतीने अडवलेले जुने रस्ते पुन्हा मोकळे होऊन शहराला जोडले गेले. शेजारून जाणारा, केव्हाच बुजवलेला जुना कालवा आणि त्यावरचा लोहमार्ग यांच्या जागेवर २०१५ साली हिरवा पादचारी-मार्ग झाला. ‘गरिबांसाठी इतके पुरे’ ही वृत्ती या कामात दिसत नाही. ओसरी ही काही अत्यावश्यक वस्तू नव्हे. पण संध्याकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारण्याची सोय ज्याने आराखड्यात धरली, त्याने तेथे राहणाऱ्या माणसाला ओळखले होते असे म्हणावे लागेल.

तरीसुद्धा एक वजाबाकी उरतेच. पहिली घरे तयार होऊन कुटुंबे राहायला आली तो काळ २०११ चा. मध्ये २००८ ची आर्थिक मंदी आली, पैसा आटला आणि काम रेंगाळले. यात बांधणाऱ्याचा दोष फारसा नव्हता. परंतु पुराच्या वेळी सत्तर वर्षांची असलेली आजी तोवर शहात्तरची झाली, किंवा झालीच नाही. पहिलीत जाणारा नातू तोवर दुसऱ्या शहरातल्या शाळेत रुळला. घर परत मिळण्याचा हक्क कागदावर शाबूत राहिला आणि तो वापरणारे माणूस मात्र राहिले नाही. म्हणून आम्हाला वाटते की, गरिबाच्या बाबतीत फार मोठा उशीर हाही एक प्रकारचा नकारच असतो. तो कोणी मुद्दाम दिलेला नसतो, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या वसाहतींची गत आणखी वेगळी. ‘सेंट बर्नार्ड’ या सुमारे चौदाशे घरांच्या वसाहतीच्या जागी त्याच्या निम्म्याहून कमी घरांची सुबक, सुरक्षित वस्ती आली. तिची प्रशंसाही पुष्कळ झाली. पण त्यातील जेमतेम एक तृतीयांश घरे जुन्या रहिवाशांसारख्या अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंसाठी होती. उरलेल्यांना भाडे-मदतीचे व्हाउचर देण्यात आले. मिळेल तेथे, घेईल त्याच्या दारी घर शोधा, असा त्याचा अर्थ. २००० साली न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ४,८४,६७४ होती. २०१० साली ती ३,४३,८२९ भरली. त्यात कृष्णवर्णीय नागरिकांची घट एक लाखाहून अधिक होती. वस्ती सुधारली यात शंका नाही. परंतु वस्ती सुधारणे आणि वस्तीतल्या माणसांचे आयुष्य सुधारणे या दोन गोष्टी एक नव्हेत. माणसे बदलून कोणतीही वस्ती सुधारता येते.

येथे आम्हाला जुन्या करारातील नाबोथाची कथा आठवते. राजा अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. आपण ही कथा सांगताना राणी ईजबेलच्या दुष्टपणावर भर देतो आणि आरंभीचा एक तपशील विसरतो: राजाने प्रथम मांडलेला सौदा अन्यायाचा नव्हता. त्याने याहून चांगला मळा देऊ केला होता, नाहीतर रोख किंमत देऊ केली होती. नाबोथाने नकार दिला तो किंमत कमी म्हणून नव्हे. तो मळा पूर्वजांचा वारसा होता आणि त्याची मोजदाद किमतीत होत नव्हती. नाबोथाजवळ निदान मालकी होती. लफीटचा भाडेकरू हा मालकीहक्क नसलेला नाबोथ आहे. त्यालाही बदली घर देऊ केले जाते, व्हाउचर देऊ केले जाते, आणि तो नाराज झाला की आपल्याला नवल वाटते.

मालकी नसताना हक्क कसला, असे कोणी विचारील. ख्रिस्तसभेची शिकवण या ठिकाणी आपल्याला उपयोगी पडते. संत थॉमस अक्वायनस यांनी खाजगी मालकी मान्य केली, पण वस्तूंचा वापर सर्वांच्या हिताचा राहिला पाहिजे अशी तिला मर्यादा घातली. भूमी शेवटी ज्याने निर्माण केली त्याची; आपण सारेच तिचे कमी-अधिक मुदतीचे भाडेकरू आहोत. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात सांगितले की, जे काम लहान समूहाला स्वतः करता येते ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वस्त्यांचा प्रश्न सरळ हाताळला: गरिबांच्या वस्त्या पाडून त्यांना हलवण्यापेक्षा शक्यतो त्या आहेत तेथेच सुधाराव्यात, हलवणे अटळच असेल तर आधी पुरेशी माहिती द्यावी, चांगल्या घरांचे पर्याय द्यावेत आणि त्या लोकांना प्रक्रियेत सहभागी करून घ्यावे. ‘रहिवाशांना डोळ्यांसमोर ठेवून’ हे शब्द प्रत्येक आराखड्यावर लिहिलेले असतात. डोळ्यांसमोर फोटोही ठेवता येतो. रहिवासी बैठकीत समोरच्या खुर्चीवर बसलेला हवा आणि त्याचे ‘नाही’ कोठेतरी नोंदले गेले पाहिजे.

‘पाणी तर येणारच, मग जमीन पाण्याला कोणी सोडायची?’ हा कठीण प्रश्न मात्र या सर्वांतून सुटत नाही. जानेवारी २००६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एका वृत्तपत्रात पुनर्रचनेचा नकाशा छापून आला. त्यावर काही सखल वस्त्यांवर हिरवे ठिपके होते. तेथे पुढे उद्याने व जलाशय करावेत अशी सूचना होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती सूचना वेडेपणाची नव्हती. पण आपल्या घरावर हिरवा ठिपका पडला आहे हे लोकांना परगावी, वर्तमानपत्रातून कळले. संतापाची लाट उसळली आणि तो विचार बारगळला. त्याबरोबर त्यातले शहाणपणही वाहून गेले. याच्या उलट उदाहरण सेंट जोसेफ धर्मसंघाच्या भगिनींचे. त्यांच्या मठात पुराचे पाणी भरले, नंतरच्या वर्षी वीज पडून इमारत जळाली. हाती उरली पंचवीस एकरांची जागा. ती विकली असती तर मोठी रक्कम आली असती. भगिनींनी ती शहराला जवळजवळ फुकट दिली, तीही या अटीवर की तेथे पावसाचे पाणी साठवून मुरवणारे उद्यान व्हावे, म्हणजे भोवतालच्या घरांवरचा पुराचा भार हलका होईल. दोन्हीकडे कल्पना एकच होती: काही जमीन पाण्याला परत द्यावी. एकीकडे ती दुसऱ्यांच्या घरांवर रंगवली गेली, दुसरीकडे स्वतःच्या हाताने दिली गेली. त्याग सुचवण्याचा अधिकार ज्याने आधी स्वतः त्याग केला त्यालाच असतो, हे या भगिनींनी न बोलता दाखवले.

खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या दाखल्यातील दोघेही आपली जागा स्वतः निवडतात, म्हणूनच एकाला शहाणा व एकाला मूर्ख म्हणता येते. ज्याला वाळूच नेमून दिली गेली त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार प्रभूने आपल्याला दिलेला नाही. त्याला वाळूवर बसवणाऱ्याचे नाव मात्र आपण विचारू शकतो.

आपल्या किनाऱ्यालाही हे सारे परके नाही. कॅटरिनाच्या आधी पाच आठवड्यांच्या आत, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीचे पात्र कोणी आणि कशासाठी अरुंद केले याची चर्चा झाली, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. विमानतळाची धावपट्टी आणि कार्यालयांचे मनोरे जागच्या जागी राहिले. उठले ते काठावरचे झोपडीवासी. पुनर्वसनाच्या आपल्या यादीत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे दोन रकाने असतात, आणि एखाद्या तारखेच्या कागदावरून माणूस या रकान्यातून त्या रकान्यात जातो. मिठागरे आणि खाजणे भरून उठलेल्या नव्या इमारतींत राहणाऱ्या आपण सर्वांनी ही यादी दुसऱ्या कोणाची तरी आहे असे मानून चालणार नाही. आपल्या जोत्याखालची भरणी ज्याच्या अंगणात पाणी लोटते तो आपला शेजारीच आहे.

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. २००६ च्या आरंभी न्यू ऑर्लिन्स महाधर्मप्रांताने त्याच संत अगस्तीन चर्चचे धर्मग्राम बंद करून शेजारच्या धर्मग्रामात विलीन करण्याचा निर्णय घेतला. कारणे समजण्यासारखी होती: माणसे विखुरली, उत्पन्न घटले, धर्मगुरू अपुरे. पण लोकांनी विरोध केला, काही जणांनी तर धर्मगुरूंच्या निवासातच ठाण मांडले. एप्रिलमध्ये महागुरुस्वामींनी निर्णय बदलला आणि त्या धर्मग्रामाला अटींसह आणखी मुदत दिली. म्हणजे जो धडा आपण सरकारला शिकवू पाहतो तो ख्रिस्तसभेलाही तेथेच, त्याच रस्त्यावर शिकावा लागला. आकडे कमी झाले म्हणून घर बंद करायचे, की माणसे परत येईपर्यंत दिवा लावून ठेवायचा? अधिकाऱ्याने ऐकून घेऊन निर्णय फिरवला यात त्याचा अधिकार कमी झाला नाही.

मग पूरग्रस्त वस्तीच्या पुनर्रचनेत न्याय झाला की नाही हे कशावरून ओळखायचे? आमच्या मते कसोट्या फार अवघड नाहीत. पाण्याविषयीचे सत्य रहिवाशांना सर्वांआधी सांगितले का, की ते त्यांना नकाशावर वाचावे लागले? पाडण्याआधी जवळपास बांधले का; एक भाग रिकामा करून, तो बांधून, मग दुसऱ्याला हात घातला का? यादी घरांची होती की नावांची? साडेआठशे घरे बांधली हे उत्तर अपुरे आहे. त्या साडेआठशेंत जुनी किती कुटुंबे आहेत आणि जी नाहीत ती कोठे आहेत, हे सांगता आले पाहिजे. जो परत येऊ इच्छीत नाही त्याला परक्या गावी सन्मानाने बस्तान बसवता आले का? आणि शेवटी, परत येण्यासाठी लागलेला काळ एखाद्या म्हातारीच्या आयुष्यात मावणारा होता का?

आरंभी आम्ही विचारले होते की, भाडेकरूच्या त्या प्रश्नाला विनंती म्हणायचे की हक्क. आमचे उत्तर असे की, तो हक्क आहे. पण कागदाने मिळालेला नव्हे. माणसाने एखाद्या जागी जन्म काढला, तेथील आजाऱ्याच्या उशाशी बसला, तेथील मृताला खांदा दिला, म्हणजे त्या जागेशी त्याचे जे नाते जुळते त्यातून तो हक्क निर्माण होतो. सरकार इमारतीचे मालक असू शकते, शेजाराचे नाही. शेजार त्यात राहणाऱ्यांनी घडवलेला असतो, आणि नवी वस्ती उभारताना विटांच्या आधी तो परत आणावा लागतो.